योहान रॉइख्लिन : इब्री अक्षरांचा उपासक

पवित्र शास्त्राच्या तासाला आम्ही स्तोत्रसंहितेंतील ११९ वें स्तोत्र वाचीत होतों. दर आठ वचनांच्या माथ्यावर आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ अशीं नांवें ज्या प्रतींत छापलेलीं असतात, तशी एक प्रत एका विद्यार्थ्याच्या हातीं होती. हे शब्द कसले, असें त्यानें विचारिलें. मीं सांगितलें कीं, हीं इब्री वर्णमालेंतील अक्षरांचीं नांवें होत. इब्री अक्षरें बावीस. दर अक्षरास आठ वचनें. म्हणून एकंदर वचनें १७६. मूळ भाषेंत प्रत्येक गटांतील आठही वचनांचा आरंभ त्या त्या अक्षरानेंच होतो. मुलाचें तेवढ्यानें समाधान होईना. तास संपल्यावर तो पुन्हां मजकडे आला आणि देवाची स्तुति करितांना अक्षरांचा एवढा हिशेब कशासाठीं, असें विचारूं लागला. प्रश्न लहान होता, पण उत्तर लहान नव्हतें. ज्या पुरुषानें अशाच प्रश्नापायीं आपलें द्रव्य, आपला वेळ आणि आपलें स्वास्थ्य वेंचिलें, त्याचें चरित्र त्या मुलासाठीं व त्याच्यासारख्या इतर जिज्ञासु विद्यार्थ्यांसाठीं येथें थोडक्यांत देत आहें.

योहान रॉइख्लिन याचा जन्म इ. स. १४५५ मध्यें जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांतील फोर्ट्सहाइम नांवाच्या गांवीं झाला. त्याचा बाप तेथील डोमिनिकन मठाचा कारभार पाहत असे. घरची स्थिति साधारण, परंतु मुलाची बुद्धि तीव्र आणि गळा गोड. या गोड गळ्यामुळें बाडेनच्या दरबारच्या गायकवृंदांत त्याचा प्रवेश झाला, आणि तेथून राजपुत्राचा सोबती म्हणून तो १४७३ मध्यें पॅरिसच्या विद्यापीठांत गेला. तेथेंच त्यानें ग्रीक भाषेचीं पहिलीं अक्षरें गिरविलीं. पुढें बाझेल येथें १४७७ मध्यें त्यानें एम. ए. ची पदवी मिळविली. विशीच्या सुमारासच त्यानें रचिलेला लॅटिन शब्दकोश इतका लोकप्रिय झाला कीं, त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ति निघाली. मग चरितार्थाची सोय पाहून त्यानें ऑर्लेआं व प्वातिए येथें कायद्याचा अभ्यास केला. शब्दांची आवड आणि न्यायाची चाड या दोन गोष्टी त्याच्या ठायीं अशा रीतीनें एकत्र आल्या; आणि पुढें त्याच्या आयुष्यांत जो मोठा प्रसंग ओढवला, त्यांत या दोहोंचीही कसोटी लागली.

व्युर्टेम्बेर्गचा काउंट एबरहार्ट यानें या तरुण वकिलास आपल्या पदरीं ठेविलें. १४८२ मध्यें धन्याबरोबर तो इटलींत गेला. रोम येथें आर्गिरोपुलोस नांवाचा वृद्ध ग्रीक पंडित थुकिदिदेसच्या इतिहासावर व्याख्यानें देत असे. त्यानें या परक्या तरुणास ग्रंथांतील एक उतारा वाचून त्याचा अर्थ सांगावयास लाविलें. रॉइख्लिननें तो इतक्या शुद्ध रीतीनें वाचिला कीं, आपल्या देशांतून परागंदा झालेली ग्रीक विद्या आतां आल्प्स पर्वत ओलांडून पलीकडे गेली, असा उद्गार त्या वृद्धानें काढिल्याचें सांगतात. कॉन्स्टँटिनोपल शहर १४५३ मध्यें तुर्कांच्या हातीं पडल्यामुळें अनेक ग्रीक विद्वान देशोधडीस लागले होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या उद्गारांतील दुःख व समाधान हीं दोन्ही ध्यानीं येतात.

ग्रीक भाषेचा मार्ग असा खुला झाला होता. इब्री भाषेचें मात्र तसें नव्हतें. पश्चिमेकडील ख्रिस्ती मंडळी जुना करार वाची, तो संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरांत. आणि तें भाषांतर तोंवर हजार वर्षांहून अधिक जुनें झालें होतें. मूळ इब्री ग्रंथ वाचूं शकणारा ख्रिस्ती मनुष्य जर्मनींत क्वचितच आढळे. ती विद्या यहूदी लोकांपाशीं होती. आणि यहूदी लोक तर कित्येक शहरांतून हांकलून दिलेले, आणि जेथें राहत तेथेंही तिरस्कारास पात्र झालेले. १४९० मध्यें रॉइख्लिन पुन्हां इटलींत गेला, तेव्हां फ्लॉरेन्स येथें पिको देल्ला मिरांदोला या तरुण उमरावाची व त्याची भेट झाली. यहूदी लोकांच्या कब्बाला नामक गूढ विद्येंत, शास्त्राच्या अक्षराअक्षरांत दडलेलें प्राचीन ज्ञान आहे, असें पिकोचें मत होतें. त्या भेटीनें रॉइख्लिनच्या मनांत ठिणगी पडली. इब्री भाषा शिकल्यावांचून आतां त्यास चैन पडेना.

संधि आली ती १४९२ मध्यें. राजकार्यासाठीं तो लिंट्स येथें सम्राट् तिसरा फ्रेडरिक याच्या दरबारीं गेला होता. सम्राटाचा खासगी वैद्य याकोब बेन येहिएल लोआन्स हा विद्वान यहूदी होता. रॉइख्लिन त्याच्यापाशीं जाऊन शिष्यभावानें बसला. त्या समयीं त्याचें वय सदतीस वर्षांचें. कायद्याचा पंडित, राजाचा वकील, ग्रीक व लॅटिन या दोन्ही भाषांत ज्याचें नांव झालें आहे असा हा गृहस्थ, लहान मुलाप्रमाणें आलेफ, बेथ गिरवूं लागला, आणि तेंही त्या काळीं ज्या जातीच्या मनुष्याशीं स्नेह ठेवण्यास लोक लाजत, अशा मनुष्याच्या पायांपाशीं! सम्राटानें त्यास उमरावाची पदवी दिली व इब्री शास्त्राची एक मौल्यवान हस्तलिखित प्रत भेट दिली. पदवीपेक्षां त्या प्रतीचेंच त्यास अधिक अप्रूप वाटलें असेल, असें त्याच्या पुढील आयुष्यावरून दिसतें. आपल्या गुरूस तो कधीं विसरला नाहीं. पुढें त्यानें त्याला इब्री भाषेंतच आदराचें पत्र लिहिलें.

आतां रॉइख्लिन ज्या गोष्टींचा शोध करीत होता, त्यांचें एक उदाहरण देतों. इब्री लोक आंकड्यांचें काम अक्षरांकडूनच करून घेत. आलेफ म्हणजे १, बेथ म्हणजे २, हे म्हणजे ५, योद म्हणजे १०, याप्रमाणें. म्हणून प्रत्येक शब्दाची बेरीज करितां येते, आणि ज्यांची बेरीज सारखी त्या शब्दांचें आंतून कांहीं नातें असावें, असें कब्बालाचे पंडित मानीत. इब्री भाषेंत एक या अर्थाचा शब्द एहाद. त्याचीं अक्षरें आलेफ १, हेथ ८ व दालेथ ४, मिळून १३. प्रीति या अर्थाचा शब्द आहाबा. त्याचीं अक्षरें १, ५, २ व ५, मिळून पुन्हां १३. या दोहोंची बेरीज २६. आणि देवाचें जें परमपवित्र नांव योद, हे, वाव, हे या चार अक्षरांनीं लिहितात, त्याची बेरीजही १०, ५, ६ व ५, म्हणजे २६ च. देव एक आहे आणि देव प्रीति आहे, हें जणूं त्याच्या नांवाच्या अक्षरांतच मांडून ठेविलें आहे, असें भक्ताच्या मनास वाटावें यांत नवल नाहीं.

तें चार अक्षरी नांव यहूदी लोक अत्यंत आदरामुळें मुखानें उच्चारीत नाहींत. वाचतांना त्याच्या जागीं अदोनाय, म्हणजे प्रभु, असें म्हणतात. या नांवावर रॉइख्लिननें १४९४ मध्यें 'अद्भुत शब्द' या अर्थाच्या नांवाचा एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत एक ग्रीक मताचा तत्त्वज्ञ, एक यहूदी पंडित आणि स्वतः ग्रंथकार अशा तिघांचा संवाद आहे. त्याचें सार असें कीं, त्या चार अक्षरांच्या मध्यभागीं शीन हें अक्षर घातलें असतां येशूचें नांव सिद्ध होतें. जें नांव उच्चारितां येत नव्हतें, तें या एका अक्षरामुळें उच्चारितां येऊं लागलें. तद्वत् जो देव अगम्य होता, तो ख्रिस्ताच्या ठायीं मनुष्यांस गम्य झाला. कल्पना फार मनोहर आहे. परंतु सत्यास स्मरून सांगितलें पाहिजे कीं, ती भाषाशास्त्रास धरून नाहीं. येशू हें नांव इब्री भाषेंत योद, शीन, वाव व आयिन या अक्षरांनीं लिहितात. त्याच्या शेवटीं हे नाहीं, आयिन आहे. अक्षरांच्या बेरजांचेंही तसेंच. ज्यास जो अर्थ हवा, तो त्यास बेरजेंतून काढितां येतो. भक्तीस त्यांत विसावा मिळेल. पण त्यावर सिद्धांत उभारणें धोक्याचें.

रॉइख्लिन जर येथेंच थांबला असता, तर एक कल्पक गूढवादी एवढीच त्याची कीर्ति राहिली असती. परंतु अक्षरांतील रहस्याच्या ओढीनेंच त्यास अक्षरांच्या कष्टाच्या अभ्यासाकडे नेलें. १४९८ मध्यें तिसऱ्यांदा रोम येथें गेला असतां तो ओबद्या स्फोर्नो या यहूदी पंडिताकडे शिकावयास जाऊं लागला. प्रत्येक धड्यास एक सोन्याचें नाणें अशी फी होती आणि तो ती आनंदानें देई. इब्री पुस्तकें दिसतील तेथें विकत घेई. अशा रीतीनें जें मिळविलें, तें सर्व त्यानें १५०६ मध्यें 'इब्री भाषेचीं मूलतत्त्वें' या ग्रंथांत ओतलें. त्यापूर्वीं पेलिकन नांवाच्या संन्याशानें एक लहानशी पुस्तिका काढिली होती. पण व्याकरण व कोश हीं दोन्ही ज्यांत आहेत असा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीं रचिलेला हा पहिला मोठा ग्रंथ. पुस्तक सहाशेंहून अधिक पानांचें, आणि इब्री पद्धतीप्रमाणें उजवीकडून डावीकडे वाचावयाचें. त्यांतील बरेंचसें साहित्य दाविद किम्ही या बाराव्या-तेराव्या शतकांतील यहूदी वैयाकरणाच्या ग्रंथांवरून घेतलेलें आहे. खर्च बहुतेक रॉइख्लिननें स्वतःच सोसला. खप इतका मंद कीं, पुष्कळ प्रती कित्येक वर्षें छापणाऱ्याकडे पडून राहिल्या. तथापि जर्मनींत इब्रीचा अभ्यास खरा सुरू झाला तो याच पुस्तकापासून.

या कोशामुळें वाचकांस पहिल्यानें कळलें कीं, इब्री शब्दांतील गूढ पाहण्यास बेरजेची गरजच नाहीं. इब्री शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात, आणि एका धातूच्या पोटांत अनेक अर्थ नांदतात. रूआह या एकाच शब्दाचे अर्थ तीन : वारा, श्वास आणि आत्मा. उत्पत्तीच्या आरंभीं जलावर जो तळपतो तोही रूआह, आणि यहेज्केलाच्या दृष्टांतांत सुक्या अस्थींत शिरून त्यांस उठवितो तोही रूआह. दाबार म्हणजे शब्द, आणि दाबार म्हणजेच घडलेली गोष्ट. इब्री मनुष्याच्या मनांत देवाचें बोलणें व देवाचें करणें यांत अंतरच नाहीं. शालोम म्हणजे नुसती भांडणाची समाप्ति नव्हे. जेथें कांहीं उणें राहिलें नाहीं अशी पूर्णता. भाषांतरकारास या अर्थांपैकीं एक निवडून बाकीचे सोडावे लागतात. मूळ वाचणाऱ्यास ते सर्व एकदम भेटतात. जेरोमच्या भाषांतरांत जेथें चूक दिसली, तेथें रॉइख्लिननें ती उघड दाखविली. त्या थोर संताविषयीं त्याच्या मनांत अपार आदर होता; पण सत्याचा मान त्याहून वरचा, असें तो मानी.

आतां त्या मोठ्या प्रसंगाकडे वळूं. कोलोन येथें योहान फेफरकोर्न नांवाचा एक मनुष्य होता. तो जन्मानें यहूदी. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यानें आपल्या पूर्वीच्या धर्मबांधवांविरुद्ध पुस्तकें लिहिण्याचा सपाटा चालविला. यहूदी लोक ख्रिस्ती होत नाहींत, याचें कारण त्यांचे ग्रंथ. ते ग्रंथ हिरावून घेतले कीं सर्व कांहीं साधेल, असें त्याचें म्हणणें. कोलोनच्या डोमिनिकन पुढाऱ्यांचा त्याला पाठिंबा होता. १९ ऑगस्ट १५०९ रोजीं सम्राट् माक्सिमिलियन याजकडून त्यानें यहूदी ग्रंथ जप्त करण्याचा अधिकार मिळविला, आणि फ्रँकफर्ट येथें सभास्थानांतून ग्रंथ उचलण्यास आरंभही केला. तेथील यहूदी लोकांनीं व माइंट्सच्या आर्चबिशपनें हरकत घेतल्यावर सम्राटानें काम थांबवून, कांहीं विद्यापीठांकडून व पंडितांकडून लेखी अभिप्राय मागविले. त्या पंडितांत रॉइख्लिन होता. त्या वेळीं तो श्वाबियन संघाच्या तीन न्यायाधीशांपैकीं एक होता. त्याला उत्तर टाळतां आलें असतें. कांहींतरी गुळमुळीत लिहून मोकळें होतां आलें असतें.

६ ऑक्टोबर १५१० रोजीं त्यानें आपला अभिप्राय लिहिला. न्यायाधीशास शोभेल अशा पद्धतीनें त्यानें यहूदी ग्रंथांचे सात वर्ग पाडिले : पवित्र शास्त्र, ताल्मूद, कब्बाला, शास्त्रावरील टीका, प्रवचनें, वादग्रंथ व प्रार्थनापुस्तकें, तत्त्वज्ञान व इतर शास्त्रें, आणि काव्यें व कथा. ज्यांत येशूची उघड निंदा आहे असे दोनच ग्रंथ आपणांस ठाऊक आहेत. तसे आढळल्यास रीतसर चौकशी करून ते नष्ट करावे. बाकीच्यांस हात लावण्याचा कोणास अधिकार नाहीं, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. टीकाग्रंथांवांचून जुना करार नीट समजणारच नाहीं. ताल्मूदाविषयीं त्यानें प्रांजळपणें सांगितलें कीं, दुप्पट किंमत देण्याची तयारी असूनही आपणांस तो मिळाला नाहीं. पण ज्यांनीं तो वाचिला नाहीं, तेच त्याची सर्वाधिक निंदा करितात. त्याचा मुख्य मुद्दा कायद्याचा होता. यहूदी लोक साम्राज्याचे रहिवासी आहेत, कायद्याचें संरक्षण त्यांसही आहे, आणि म्हणून त्यांची मालमत्ता बळानें घेतां येत नाहीं. शेवटीं त्यानें सुचविलें कीं, जर्मनींतील प्रत्येक विद्यापीठांत दहा वर्षेंपर्यंत इब्रीचे दोन अध्यापक नेमावे आणि त्यांस लागणारे ग्रंथ यहूदी शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे. जाळण्याऐवजीं शिकावें, एवढेंच त्याचें मागणें.

विचारलेल्यांपैकीं जप्तीविरुद्ध इतकें निःसंदिग्ध मत देणारा तो एकटाच निघाला. ग्रंथ वांचले, जप्तीचें काम पुन्हां सुरू झालें नाहीं. पण रॉइख्लिनची शांति मात्र गेली. त्याचा अभिप्राय गुप्त राहावयाचा होता. तो फेफरकोर्नच्या हातीं पडला. १५११ मध्यें 'हातआरसा' या नांवाचें पुस्तक काढून त्यानें यहूद्यांकडून लांच खाल्ल्याचा आरोप रॉइख्लिनवर केला. रॉइख्लिननें त्याच वर्षीं 'नेत्रदर्पण', म्हणजे चष्मा, या नांवाचें पुस्तक लिहून उत्तर दिलें. मुखपृष्ठावर चष्म्याचें चित्रच होतें. त्याच्या लेखणीसही या वादांत कडूपणा आला, हें लपविण्याचें कारण नाहीं. कोलोनचा धर्मन्यायाधीश याकोब होखस्त्रातेन यानें १५१३ मध्यें त्याच्यावर पाखंडाचा खटला भरला. १५१४ च्या आरंभीं कोलोन येथें त्याचें पुस्तक जाळण्यांत आलें. त्याच वर्षीं २९ मार्च रोजीं श्पायरच्या बिशपच्या न्यायासनानें त्यास निर्दोष ठरविलें. पण विरुद्ध पक्षानें रोमकडे अपील केलें, आणि तेथें खटला वर्षानुवर्षें रेंगाळला.

या काळांत त्यास मित्रही पुष्कळ लाभले. युरोपांतील विद्वानांनीं त्यास लिहिलेलीं पत्रें १५१४ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. पुढल्या वर्षीं कांहीं तरुण पंडितांनीं आपलीं नांवें न देतां त्याच्या शत्रूंच्या अज्ञानाची थट्टा करणारीं काल्पनिक पत्रें छापलीं, आणि सारा सुशिक्षित समाज हंसूं लागला. रॉइख्लिन मात्र आपल्या अक्षरांकडे परतला. १५१७ मध्यें त्यानें 'कब्बालाची विद्या' हा मोठा ग्रंथ लिहून पोप दहावा लिओ यास अर्पण केला. त्यांत फ्रँकफर्ट येथें एक ग्रीक मताचा तत्त्वज्ञ व एक मुसलमान असे दोन प्रवासी सिमोन नांवाच्या यहूदी पंडिताकडे ज्ञान मिळविण्यास येतात. त्या काळच्या जर्मनींत ज्यास रस्त्यानें जातांना हिणवीत, त्या यहूद्यास या ग्रंथांत आचार्याचें आसन मिळालें आहे.

त्याच वर्षीं लूथरची चळवळ सुरू झाली आणि रोमचें धोरण पालटलें. ज्या न्यायमंडळाचें मत १५१६ मध्यें रॉइख्लिनला अनुकूल पडलें होतें, त्याचा निकाल पोपनें तहकूब ठेविला होता. २३ जून १५२० रोजीं अखेर 'नेत्रदर्पण' या पुस्तकाविरुद्ध निर्णय झाला व खटल्याचा खर्चही रॉइख्लिनच्या माथीं बसला. त्या वेळीं तो पासष्ट वर्षांचा होता. युद्ध व सांथ यांमुळें त्यास स्टुटगार्टमधील आपलें घर सोडावें लागलें होतें. परंतु त्याच सालीं इंगोलश्टाट येथें त्याची ग्रीक व इब्री शिकविण्याकडे नेमणूक झाली, आणि तेथें शेंकडों विद्यार्थी त्याच्या व्याख्यानांस जमूं लागले. पूर्वीं ज्या विद्येचे ग्रंथ जाळावयास निघाले होते, तीच विद्या ऐकावयास आतां तरुणांची दाटी होऊं लागली! पुढें त्यानें ट्यूबिंगेन येथेंही कांहीं काळ शिकविलें. ३० जून १५२२ रोजीं तो मरण पावला. स्टुटगार्ट येथील संत लेओनहार्टच्या मंदिरांत त्याची समाधि आहे. १५०१ सालीं आपल्या हयातींतच त्यानें करविलेल्या शिलेवर लॅटिन लेखाबरोबर ग्रीक व इब्री शब्दही कोरलेले आहेत. ग्रीक शब्दाचा अर्थ पुनरुत्थान.

त्याच्या चरित्रांत उणीवा नाहींत असें नाहीं. यहूदी लोकांचा दीर्घ वनवास हें त्यांच्या पापाचें फळ, असें त्यानें १५०५ मध्यें लिहिलें होतें, आणि ते ख्रिस्ती व्हावे अशी त्याची शेवटपर्यंत इच्छा होती. मेलांख्थॉन हा त्याच्या आप्तांपैकीं. त्याला तें ग्रीक नांव देणारा व विटेनबेर्ग येथें धाडणारा रॉइख्लिनच. पण तो लूथरच्या पक्षास मिळाला, म्हणून त्याला देऊं केलेला आपला ग्रंथसंग्रह त्यानें दिला नाहीं. तो फोर्ट्सहाइम गांवास दिला. तथापि आपल्याहून निराळ्या धर्माच्या मनुष्यास न्याय द्यावयाचा, तर तो आपल्या मताचा झाल्यावर नव्हे, तर आहे तसाच द्यावयाचा, ही गोष्ट त्यानें आपल्या कृतीनें शिकविली.

ती शिकणें किती कठीण आहे, याची साक्ष पुढील इतिहास देतो. लूथरनें रॉइख्लिनच्या पुस्तकावरून इब्रीचा अभ्यास केला आणि जर्मन लोकांस अमोल भाषांतर दिलें. परंतु त्याच लूथरनें १५४३ मध्यें यहूद्यांचीं सभास्थानें जाळावीं व त्यांचे ग्रंथ हिरावून घ्यावे, असें लिहिलें. ख्रिस्ती मनुष्यास हें लिहितांना खालीं पाहावें लागतें. १० मे १९३३ रोजीं जर्मनींतील अनेक विद्यापीठांच्या गांवीं चौकांत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत सुमारें साठ लक्ष यहूद्यांची हत्या झाली. अक्षरें येणें निराळें आणि त्यांचा अर्थ अंतःकरणांत उतरणें निराळें.

रॉइख्लिननें लाविलेल्या रोपाच्या फांद्या आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोंचल्या आहेत. ख्रिस्ती पंडितांत इब्रीच्या अभ्यासाची जी परंपरा त्याच्यापासून बळावली, तिच्यांतले मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें कोंकणांतील बेने इस्राएल बांधवांसाठीं मराठींतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केलें. पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें ग्रीक व इब्री या भाषांचा उतारवयांत अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ मध्यें, म्हणजे रॉइख्लिनच्या मृत्यूनंतर बरोबर चारशें वर्षांनीं, त्या प्रभुघरीं गेल्या, तेव्हां तें काम नुकतेंच हातावेगळें झालें होतें.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतों. इब्री भाषेंत सत्य या अर्थाचा शब्द एमेथ. त्याचीं अक्षरें तीन : आलेफ, मेम व ताव. आलेफ हें वर्णमालेंतील पहिलें अक्षर, ताव हें शेवटलें, आणि मेम मध्याजवळचें. सत्य आरंभापासून अंतापर्यंत पसरलेलें असतें, असा बोध जुने यहूदी गुरु यावरून काढीत. याच शब्दांतील पहिलें अक्षर काढून टाकलें, तर मेथ एवढेंच उरतें. आणि मेथ म्हणजे मृत. एक अक्षर गेलें कीं सत्याचें प्रेत होतें. म्हणून, बाळा, स्तोत्रकर्त्यानें आलेफपासून तावपर्यंत एकही अक्षर वगळलें नाहीं, आणि रॉइख्लिननें सदतिसाव्या वर्षीं पाटी हातीं घेऊन पहिल्या अक्षरापासून आरंभ केला. तूंही जी भाषा शिकशील, मग ती आपली मराठी असो, संस्कृत असो वा इंग्रजी असो, तिच्यांतील अक्षर लहान म्हणून टाकूं नकोस. आणि ज्यांच्याकडून तें अक्षर शिकशील, त्यांची जात वा धर्म कोणताही असो, त्यांचा मान राखण्यास चुकूं नकोस.